न्यूयॉर्क दिसतं, सालेकसा ऐकू येत नाही

४ नोव्हेंबर २०२५ या एकाच तारखेला दोन निवडणुकांची बातमी झाली. न्यूयॉर्कमध्ये महापौरपदासाठी मतदान झालं आणि झोहरान ममदानी निवडून आले. त्याच दिवशी मुंबईत राज्य निवडणूक आयोगाने २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात गोंदिया जिल्ह्यातल्या गोंदिया आणि तिरोडा या नगरपरिषदा होत्या, गोरेगाव आणि सालेकसा या नगरपंचायती होत्या. गोंदिया नगरपरिषदेची आधीची निवडणूक ८ जानेवारी २०१७ रोजी झाली होती. मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. जवळजवळ नऊ वर्षांनी एका जिल्ह्याच्या मुख्य शहराला आपले प्रतिनिधी निवडायला मिळणार होते. पुढचे कित्येक दिवस मराठी वाहिन्यांवर न्यूयॉर्कची घरभाडी गोठवण्याचं आश्वासन, तिथल्या मोफत बसचा खर्च, ममदानींची आई मीरा नायर, त्यांचं प्रचारातलं हिंदी बोलणं यांवर चर्चा झाली. प्रशासकाच्या काळात गोंदियात कोणते निर्णय झाले, नगरसेवक नसताना नळाच्या आणि गटाराच्या तक्रारी लोकांनी कुणाकडे नेल्या, हा प्रश्न त्या चर्चांमध्ये कुठे नव्हता.

ही तक्रार, आणि तिच्या जोडीला इथल्या गावांत फोनला रेंज नसल्याची तक्रार, मांडली की एक उत्तर हमखास येतं. मोबाइल आता खेड्यापाड्यांत पोचला आहे, देवरीच्या जंगलातला माणूस अमेरिकेचा निकाल मुंबईकराच्या बरोबरीने पाहतो, तेव्हा अंतर संपलं. उरलेली कुरकुर सवयीची आहे. नेटवर्क आणि परदेशी बातम्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. हे उत्तर मला साफ चुकीचं वाटतं, आणि ही गल्लत मी मुद्दाम करणार आहे. कारण या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. गोंदियापर्यंत माहिती आणण्याची सोय झाली. गोंदियातून माहिती बाहेर नेण्याची सोय कुणी आवश्यक मानलीच नाही.

अमेरिकेची निवडणूक जंगलातल्या टोल्यावर, म्हणजे गावापासून सुट्या वसलेल्या वाडीवर, दिसते ती टॉवरमुळे दिसते, हा पहिला गैरसमज आहे. ती दिसते छतावरच्या छत्रीमुळे. उपग्रहाचा सिग्नल आकाशातून येतो; त्याला डोंगर आडवा येत नाही, वनविभागाची परवानगी लागत नाही, गावात पन्नास घरं आहेत की पाच याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. पण छत्री फक्त घेते, पाठवत नाही. पाठवायचं असेल तर फोनचा आवाज किंवा डेटा जवळच्या टॉवरपर्यंत पोचावा लागतो, तो टॉवर वीज गेल्यावरही चालू राहावा लागतो आणि त्याच्यापुढची केबल शाबूत असावी लागते. सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगरापलीकडे, देवरीत चिचगडच्या पुढे, अर्जुनी मोरगावात केशोरी-गोठणगावच्या बाजूला ही साखळी सतत तुटते. दरेकसाहून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो, देवरीतून राष्ट्रीय महामार्ग जातो. रुळाच्या आणि रस्त्याच्या कडेने रेंज असते, आणि आत वळलं की ती जाते. त्यामुळे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा कल पडद्यावर येतो आणि शेजारच्या टोल्यावर कुणाला साप चावला, हे सांगायला माणसाला मोटारसायकल काढावी लागते.

पाठवण्याची गरज ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी गेल्या पाच वर्षांत सरकारने काय काय मोबाइलवर ठेवलं ते पाहावं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. धान लावल्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभं राहून, फोटो काढून करायची. ती नोंद सातबाऱ्यावर चढली नाही तर आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकताना अडचण, नुकसानभरपाईत अडचण. खरेदी केंद्रावरची नोंदणी ऑनलाइन. रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र नेटवर्कवर. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सक्तीची झाली आणि तिचा सगळा डोलारा ओटीपीवर उभा होता. ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं असतं. ज्या गावात संदेश अर्ध्या तासाने येतो तिथे तो मेलेलाच येतो. अशा वेळी बायकांनी काय करायचं? ज्या टेकाडावर, ज्या पाराजवळ किंवा तालुक्याच्या ज्या सेतू केंद्रात रेंज मिळते तिथे मजुरी बुडवून जायचं. हे सगळे व्यवहार गावाकडून सरकारकडे जाणारे आहेत. सरकारने तो रस्ता सक्तीचा केला आणि तो बांधून मात्र दिला नाही. आणि रिचार्जचा दर? जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. तो दर मुंबईत वरळीला आणि सालेकसा तालुक्यातल्या मुरकुटडोहला सारखाच आहे. ज्याच्या गावात डेटा चालतच नाही त्यालाही डेटाचं पॅकेज घ्यावं लागत होतं. फक्त बोलण्या-संदेशापुरतं वेगळं पॅक द्या, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, डिसेंबर २०२४ मध्ये नियमात लिहावं लागलं.

निवडणुकीच्या दिवशी हा प्रश्न आणखी गंभीर होतो, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. आचारसंहितेचा भंग दिसला तर नागरिकाने सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकावा, शंभर मिनिटांत कारवाई होईल, असं निवडणूक आयोग २०१८ पासून सांगत आला आहे. ही चांगली सोय आहे. पण रेंज नसलेल्या गावात दारू किंवा पैसे वाटले गेले तर तिथल्या मतदाराला ती नाही. नक्षलग्रस्त भागांत मतदान दुपारी तीनला संपतं. तिथल्या अनेक केंद्रांवरून आकडे पोलिसांच्या वायरलेसवरून किंवा माणूस धाडून येतात. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेच्या पहिल्या टप्प्यात भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर या दोन्ही मतदारसंघांत मतदान झालं. गोंदिया जिल्हा या दोहोंत विभागलेला आहे. त्या टप्प्याच्या मतदानाची अंतिम टक्केवारी आयोगाने ३० एप्रिलला दिली. अकरा दिवसांनी. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानात संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के झाला. त्यावरून वाद झाला. आयोगाचं स्पष्टीकरण असं, की दिवसभराचे आकडे तात्पुरते असतात आणि प्रत्येक केंद्रावर उमेदवारांच्या प्रतिनिधींना नमुना १७-क मध्ये नेमकी संख्या दिली जाते. हे स्पष्टीकरण मला पटतं. पण ते जर खरं असेल, तर लोकांचा विश्वास टिकण्यासाठी त्या कागदाचा फोटो त्याच संध्याकाळी केंद्रावरून बाहेर पडू शकला पाहिजे. जिथे तो पडू शकत नाही तिथे संशयाला रिकामी जागा मिळते, आणि प्रामाणिकपणे काम करणारा मतदान अधिकारीही त्या संशयात सापडतो. मतदानात घोटाळा झाला असा माझा दावा नाही. घोटाळा झाला नाही हे वेळेत दाखवण्याचं साधन या गावांकडून काढून घेतलं गेलं आहे, एवढाच माझा दावा आहे, आणि तो लहान नाही.

याच जिल्ह्याने हे एकदा फार स्पष्टपणे अनुभवलं आहे. २८ मे २०१८ रोजी भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भर उन्हाळ्यात मताची चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रं बिघडली, मतदार ताटकळले, काही परत गेले, आणि ३० मे रोजी ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. देशाच्या मतदान यंत्रांबद्दल याहून महत्त्वाची बातमी त्या आठवड्यात कोणती असू शकत होती? पण त्याच दिवशी उत्तर प्रदेशात कैरानाची पोटनिवडणूक होती आणि राष्ट्रीय चर्चेचा झोत तिकडे राहिला. म्हणजे गोंदिया मागे पडण्यासाठी न्यूयॉर्कच लागतं असं नाही. जिथे आधीच कॅमेरे, वार्ताहर आणि जोडणी आहे तिथली घटना मोठी होते. जिथून काही येतच नाही तिथली घटना घडूनही न घडल्यासारखी राहते.

आता नेटवर्कच्या बाजूने येणारा आक्षेप. सरकारी आकडे सांगतात की बहुतेक गावं ४जीच्या कक्षेत आली. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते काय मोजतात ते पाहा. गाव म्हणजे महसुली गाव. या जिल्ह्यातलं महसुली गाव एका ठिकाणी वसलेलं नसतं; त्याला टोले असतात, मध्ये जंगल, नाला, धानाच्या बांध्या असतात. ग्रामपंचायतीजवळ फोनवर दोन काड्या आल्या की गाव जोडलेलं धरलं जातं. ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम केले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांत चांगल्या गोष्टी आहेत. कंपन्यांना आपल्या व्याप्तीचा नकाशा संकेतस्थळावर टाकावा लागतो, मोजमाप अधिक बारकाईने होतं. पण भरपाईचा नियम वाचा. एखाद्या जिल्ह्यातली सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकाला सूट किंवा मुदतवाढ. एकक जिल्हा आहे! गोंदिया जिल्हा म्हणजे आठ तालुके. केशोरीचा एक टॉवर आठवडाभर बंद राहिला तरी जिल्हा बंद पडत नाही, कारण गोंदिया शहरात फोन चालू असतो. ज्यांची सेवा सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात जास्त काळ बंद पडते तेच ग्राहक या नियमाच्या बाहेर राहतात. ट्रायने २०१५ मध्ये कट झालेल्या कॉलमागे एक रुपया भरपाईचा नियम केला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये तो रद्द केला. त्यानंतर दुर्गम भागातल्या ग्राहकाच्या हातात पडेल अशी भरपाई उरलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. जंगल आहे, वस्ती विरळ आहे, माओवाद्यांचा धाक होता, वीज बेभरवशाची आहे. कंपनीने तोट्यात टॉवर का उभारावा? कंपनीने तोटा सोसावा असं मीही म्हणत नाही. नेमक्या याच कामासाठी २००२ पासून देशात एक निधी आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के त्यात जातात, म्हणजे अखेर तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच जातात. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा बंधन निधी म्हणत, २०२४ पासून डिजिटल भारत निधी म्हणतात. त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं खर्चाविना राहिला, हे संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांतूनच समोर आलं आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली तेव्हा ४जी न पोचलेल्या गावांचा आकडा २४,६८० असल्याचं सरकारनेच सांगितलं. नक्षलग्रस्त भागांसाठी त्याआधी २०१४ मध्ये टॉवर मंजूर झाले होते, ते २जीचे. त्यांतल्या २,३४३ ठिकाणी ४जी करण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. या सगळ्या टॉवरची सरकारी ओळख ‘सुरक्षा स्थळं’ अशी आहे. सुरक्षेची गरज खरी होती. या जंगलात पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी जीव गमावले आहेत. पण त्यामुळे जागा ठरवताना पोलिसांची गरज पाहिली गेली, खासगी टॉवरच्या वेळी नफा पाहिला गेला, आणि मतदार म्हणून, शेतकरी म्हणून, आजारी माणूस म्हणून त्या टोल्यावर राहणाऱ्याची गरज कोणत्याच तक्त्यात आली नाही. पैसा नाही, हे कारण म्हणून पुढे करता येत नाही.

बातम्यांच्या बाजूने येणारा आक्षेप असा, की लोकांनाच परदेशी निवडणूक आवडते, आणि स्थानिक बातम्यांसाठी वर्तमानपत्रांची जिल्हा पानं आहेतच. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे: जी बातमी तयारच होत नाही ती लोकांना आवडते की नाही, हे कळणार कसं? ४ नोव्हेंबर २०२४ हा विधानसभेचे अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस होता. गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी मोरगाव या चारही मतदारसंघांत कोण रिंगणात राहिलं ते त्या दिवशी ठरलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत मतदान होतं, आणि वाहिन्या सात ‘स्विंग’ राज्यांकडे वळल्या. २७० मतांचं गणित शाळकरी मुलांनाही पाठ झालं. गोंदिया जिल्हा परिषदेत ५३ जागा आहेत, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? जिल्हा पानांबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथले वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या पेट्रोलवर काम करतात आणि धान खरेदीतला गोंधळ असो की हत्तींनी तुडवलेलं पीक, पहिल्यांदा तेच लिहितात. पण आवृत्त्यांची रचना अशी आहे की गोंदियाचं पान गोंदियातच वाटलं जातं. ज्यांना ती बातमी आधीच ठाऊक असते त्यांनाच ती पुन्हा मिळते. निर्णय घेणाऱ्या मुंबईत ती पोचत नाही, हजार किलोमीटरच्या आत कुठेतरी विरते. वाहिन्यांचे तालुक्याचे प्रतिनिधी मोबाइलवर चित्रण करून पाठवतात. आणि रेंज नसेल तर चित्रण खिशातच राहतं. इथे दोन्ही तक्रारी पुन्हा एकत्र येतात.

परदेशी बातम्या बंद करा, अशी मागणी मात्र मी करणार नाही. ती कोती आणि घातक ठरेल. जगाच्या निवडणुकांशी धानपट्ट्याचा थेट संबंध आहे. केंद्राने २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि सप्टेंबर २०२४ अखेर ती उघडली. त्याचा परिणाम राइस मिलच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्यापर्यंत येतो. भारताचा बिगर-बासमती तांदूळ मोठ्या प्रमाणात पश्चिम आफ्रिकेत जातो. मार्च २०२४ मध्ये सेनेगलमध्ये निवडणूक झाली. मतदानाच्या काही दिवस आधी तुरुंगातून सुटलेले बासिरू दिओमाय फाय तिथे राष्ट्राध्यक्ष झाले. सेनेगल भारताची कणी घेणारा देश आहे. नाट्य हवं होतं तर तेही या निवडणुकीत होतं, कामाची माहितीही होती. ती किती मराठी प्रेक्षकांपर्यंत आली? परदेशी निवडणुका निवडतानाही आपली गरज कुणी पाहत नाही; इंग्रजी वाहिन्यांच्या पडद्यावर जे चालू असतं ते मराठीत आणलं जातं.

अमेरिकेबद्दलही हेच. तिथल्या प्रचारात आपल्या उपयोगाचा एक विषय होता. २०२१ च्या कायद्याने ग्रामीण इंटरनेटसाठी ४२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम ठेवली गेली, आणि नोव्हेंबर २०२४ चं मतदान आलं तरी त्यातून एकही घर जोडलं गेलं नव्हतं. यावरून विरोधकांनी सत्ताधाऱ्यांना धारेवर धरलं. त्याच देशात २०२२ पासून दूरसंचार आयोगाचा असा नकाशा आहे, ज्यावर सामान्य ग्राहक फोनवरच्या चाचणीसह आक्षेप घेऊ शकतो; पुरेसे आक्षेप जमले की कंपनीला पुरावा द्यावा लागतो किंवा नकाशातला दावा मागे घ्यावा लागतो. चिचगडच्या माणसाला अमेरिकेतून एखादी गोष्ट कळायला हवी असेल तर ती ही आहे. आपल्याकडे कंपनीने नकाशा टाकावा अशी सक्ती झाली. तो चुकीचा आहे हे गावाने दाखवलं तर पुढे काय, याचं उत्तर नाही. तासन्‌तास चाललेल्या चर्चांमध्ये उमेदवारांचे हावभाव आले, पत्नी-मुलं आली, ही माहिती आली नाही.

करायचं काय, हे अवघड नाही. भरपाईच्या नियमात जिल्ह्याऐवजी टॉवर किंवा निदान ग्रामपंचायत हे एकक धरा. जिथे फोनचं जाळं पोचलेलं नाही तिथे ई-पीक पाहणी आणि ई-केवायसीची मुदत आपोआप वाढेल आणि तलाठी किंवा अंगणवाडी सेविकेने कागदावर घेतलेली नोंद चालेल, असा आदेश काढा. मराठी वाहिन्यांनी निवडणुकीच्या महिन्यात रोजचा अर्धा तास एका दूरच्या तालुक्याला द्यावा, आणि तो तिथल्याच वार्ताहराला योग्य मोबदला देऊन भरावा. आणि सगळ्यात आधी एक यादी बाहेर काढा. प्रत्येक निवडणुकीपूर्वी जिल्हा प्रशासन संपर्काचा आराखडा तयार करतं. कोणत्या मतदान केंद्रावर कोणत्याच कंपनीचा फोन लागत नाही आणि तिथे वायरलेस किंवा माणूस ठेवावा लागेल, हे त्यात केंद्रनिहाय नोंदवलेलं असतं. कंपन्यांच्या नकाशापेक्षा ही यादी अधिक खरी आहे, कारण ती सरकारने स्वतःच्या गरजेसाठी, प्रत्यक्ष फोन लावून पाहून केलेली असते. मतदान आटोपलं की ती फाइलमध्ये जाते. गोंदियाच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने ती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि जिल्ह्यातल्या चार आमदारांनी व दोन खासदारांनी त्यातल्या एकेका केंद्राचा हिशेब दूरसंचार विभागाकडे लेखी मागावा.